साळूचं दावं

“हरणे, पळ. त्यानं दावं नेलं.”

आईचा आवाज गोठ्यातून आला आणि मी हातातली शेणाची पाटी तिथंच टाकून धावत सुटले. म्हैस गेल्याचं दुःख होतंच. सकाळी परसात जाऊन मी पोटभर रडून घेतलं होतं. पण म्हैस जाणं वेगळं आणि तिच्याबरोबर तिचं दावं जाणं वेगळं. आमच्याकडे जनावर दुसऱ्याच्या दारी दिलं तरी त्याचं दावं कुणी देत नाही. दाव्याबरोबर घरची लक्ष्मी जाते, म्हणतात. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं, ते जनावराच्या गळ्यात घालायचं, आणि जुनं सोडून मालकाच्या हातात द्यायचं. हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही कळतं.

एकाच माणसाला कळत नव्हतं, आणि तो माणूस माझ्या साळूला घेऊन ओढ्याच्या वाटेनं रमतगमत चालला होता.

सेहेचाळीस सालचा हिवाळा होता. मलकापूरपासून थोडं लांब, कोयनेच्या अंगाला आमची वस्ती होती. आमच्या जोडीतला एक बैल थकला होता. ओढ्यापलीकडच्या राहीबाईंकडे एक बैल जास्तीचा होता, पण दारात दुभतं नव्हतं. तेव्हा त्यांनी बैल द्यावा आणि आम्ही म्हैस द्यावी, असं आबांनी ठरवून टाकलं. बैल आदल्या दिवशी त्यांच्या गड्यानं आणून बांधला आणि रीतीप्रमाणं आपलं दावं सोडून नेलं. म्हैस न्यायला मात्र राहीबाईंचा मुलगा आला... मानसिंग. लढाई संपून पलटणीतून नुकताच सुटलेला.

“आवं, थांबा.”

तो थांबला, वळला. अंगात खाकी सदरा, पायांना पलटणीतल्या कापडी पट्ट्या गुंडाळलेल्या, चेहऱ्यावर उन्हानं रापलेला तांबूसपणा. साळूच्या मागून तिचं रेडकू उड्या मारत होतं.

“म्हस माघारी न्यायला आलासा व्हय?”

“म्हस न्हाई. दावं.”

“दावं?”

“आमचं हाय ते. दावं देत न्हाईत. येवढं बी ठावं न्हाई?”

त्यानं हातातल्या दाव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. “पलटणीत बंदूक धरायला शिकीवली. म्हशीचं कुनी काय सांगितलं न्हाई.”

“ते तुमचं तुमी बघा.”

“बघतो की.” तो बांधावर बसला आणि सावकाश एका पायाची पट्टी सोडायला लागला. वेढ्यामागून वेढा... संपता संपेना. मग ती दुहेरी पिळून त्यानं साळूच्या गळ्यात घातली आणि माझं दावं सोडून, दोन्ही हातांनी, देवळात प्रसाद देतात तसं माझ्यापुढे धरलं. “ही पट्टी इटलीपतूर जाऊन आली. म्हशीच्या गळ्यात पडायची ऱ्हायली हुती.”

माझी म्हैस नेणाऱ्या माणसापुढे हसायचं मला काही कारण नव्हतं. तरी तोंडाला पदर लावावा लागला. एका पायात पट्टी, एका पायात नाही, असा तो ओढ्यात उतरला आणि उतरताना त्यानं मागं वळून बघितलं. मीही बघत उभी होते, म्हणून तर मला ते दिसलं; पण हे मला घरी आल्यावर सुचलं.

सौद्याला आठवड्याची बोली होती. आठवड्यात म्हशीनं घर धरलं तर ठीक, नाहीतर ज्याचं जनावर त्याच्या दारी. मी मनातल्या मनात यमाईला नवस बोलले, की साळूनं ते घर धरूच नये. लहान होती तेव्हापासून मी तिला वाढवलं होतं. सकाळी धुक्यात गोठ्यात शिरावं, तिच्या उबदार पोटाला डोकं टेकवून बसावं आणि चरवीत धार वाजायला लागावी... माझा दिवस त्याच आवाजानं सुरू व्हायचा. ती गेल्यापासून सकाळी मला काय करावं तेच सुचत नव्हतं.

आणि देवी पावली. दोन दिवसांनी मानसिंग लंगडत आमच्या दारात हजर झाला.

“म्हस रेडकाला पान्हा सोडती,” तो आबांना म्हणाला. “माजा हात लागला की चोरती. आन् वर लाथ घालती.”

मला इतका आनंद झाला की मी त्याला गूळपाणी आणून दिलं.

“राहीवैनींचा हात कसा हाय?” आबांनी विचारलं.

“बांधलाय अजून. विहिरीच्या पायरीवर पडली, तवापसनं मीच करतोय सगळं.”

“हरणे, उद्यापसनं जात जा तिकडं. सांजसकाळ. म्हशीला तुज्या हाताची सवय, ती ह्याला शिकीव.”

“आबा, घर धरत नसंल तर आणूया की माघारी.”

“आन् बैल दिल्यावर नांगराला कुनाला जुपू? तुला?”

मानसिंग पाण्याच्या तांब्यात बघून हसला. तेव्हा मला तो अजिबात आवडला नाही, हे इथं सांगून ठेवते.

त्यांची वस्ती आमच्यापेक्षा लहान होती, पण सारवून लख्ख. दारात शेवगा, त्याला बांधलेली शेळी, उकिरड्यावर कोंबड्या, कडेला हरभऱ्याचं रान. राहीबाई गळ्यात हात अडकवून ओट्यावर बसल्या होत्या. साळूनं मला बघितलं आणि अशी हंबरली, की माझे डोळे भरून आले.

“धोतराची सवय न्हाई तिला,” मी म्हणाले. “लुगडं पायजे.”

“म्हंजी?”

“म्हंजी लुगडं गुंडाळा आन् बसा.”

राहीबाईंनी आपलं जुनं लुगडं काढून दिलं. लेकाला त्यात बघून त्या इतक्या हसल्या, की दुखरा हात धरून त्यांना खाली बसावं लागलं. साळूनं त्याला हुंगलं, मान फिरवून एकदा नीट बघून घेतलं, पण लाथ काही मारली नाही.

“आता तिच्यासंगं बोला.”

“काय बोलू?”

“मी घरातलं सांगते. कंची कोंबडी खुडूक बसली, शेळीनं कुनाचा हरभरा खाल्ला... तिला समदं लागतं.”

तो खाकरला. कासेला हात लावला आणि हळूच बोलायला लागला.

“साळूबाई... माहेर सोडून आलायसा, कळतंय मला. मी बी लय वर्सं घर सोडून हुतो. तिकडं डोंगरात बर्फ पडायचं. डब्यातलं दूध मिळायचं... पांढरं, गोड, पण त्याला कसला वासच न्हाई. ते पिताना मी मनात गोठा बांधायचो. हितं गव्हाण, हितं म्हस, तितं रेडकू. पल्याड चूल. आन् चुलीम्होरं...”

तो साळूची कास गोंजारायला लागला.

“चुलीम्होरं काय?” माझ्या तोंडून गेलं.

“म्हस इचारती व्हय?”

“व्हय. म्हसच इचारती.”

“मग म्हशीला सांगीन सवडीनं.”

आणि तेवढ्यात चरवीत धार वाजली. एक, मग दुसरी, मग लयीत. मानसिंगचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. मला मात्र आत काहीतरी तुटल्यासारखं झालं. मीच माझी साळू माझ्या हातानं दुसऱ्याची करून देत होते. मी भिंतीकडे तोंड फिरवलं, पण त्याला दिसायचं ते दिसलं.

दूध राहीबाईंकडे देऊन तो मला ओढ्यापर्यंत सोडायला आला. वाटेत म्हणाला, “नगा येऊ उद्यापसनं. आठवडा भरला की म्हस आणून बांधतो तुमच्या दारात. आबांस्नी सांगतो, मला जमलं न्हाई.”

“बैलाचं काय?”

“बैल ऱ्हाऊ द्या तुमास्नी. नांगर अडायचा न्हाई.”

“आन् तुमचा गोठा?”

“मनात बांधायची सवय हाय की मला.”

हे तो थट्टेनं बोलला. पण त्या थट्टेत एवढी वर्षं थंडीत कुडकुडणारा एक माणूस होता, आणि तो मला दिसला. त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. मला साळू पाहिजे होती, अगदी मनापासून पाहिजे होती. आणि ती अशी मिळाली, तर मला तिच्या पोटाला डोकं टेकवता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत मी ओढ्यापलीकडे होते.

“आलासा?” तो लुगडं नेसूनच उभा होता.

“बोटं दाबू नका, मूठ दाबा,” मी म्हणाले. “लय राकट हात हाय तुमचा.”

पुढचे दिवस कसे गेले, मला कळलं नाही. गव्हाणीत कोंबडीनं अंडं घातलं. रेडकानं त्याची दुसरी पट्टी चघळून टाकली. राहीबाई मला ताज्या ताकाचा पेला द्यायच्या, वर लोण्याचा गोळा, आणि मी पिऊन होईपर्यंत समोर बसून राहायच्या. मानसिंग साळूला रोज काहीतरी सांगायचा, आणि त्यातलं अर्धंअधिक मला असायचं. ‘साळूबाई, आज तुमच्या माहेरची मानसं हिरवं लुगडं नेसून आल्यात... झ्याक दिसतंय, पर सांगायची सोय न्हाई.’ मी उत्तर द्यायची ते रेडकाला. मला तो आवडायला लागला होता. रात्री डोळे मिटले की त्याचा खाकरून बोलायला सुरुवात करायचा आवाज ऐकू यायचा.

सकाळची धार आता त्याला जमत होती. “पर सांजची द्यायला तयार न्हाई,” तो म्हणायचा. “तुमच्याबिगर उभीच ऱ्हात न्हाई.” म्हणून मी संध्याकाळची जातच राहिले.

बोली संपायच्या आदल्या दिवशी गेले. उन्हं उतरली होती, ओढ्यावर धुकं धरायला लागलं होतं. मी साळूजवळ बसले, कासेला हात लावला आणि थबकले. भरलेली कास दगडासारखी तट्ट असते. ही मऊ होती, सैल. रेडकू तर पल्याडच्या खुंट्याला बांधलेलं. मी इकडेतिकडे बघितलं. कडब्याच्या आडोशाला राहीबाईंचं लुगडं घाईनं टाकलेलं होतं आणि त्याखाली झाकलेली चरवी. अजून कोमट असणार.

मागं तो आल्याची चाहूल लागली, तरी मी वळले नाही. साळूच्या पोटाला डोकं टेकवलं.

“साळू, तुज्या सासरची मानसं लबाड हायत गं. धार काढून ठेवत्यात, आन् म्हंत्यात म्हस देत न्हाई.”

मागं नुसतं कडब्याचं पान वाजलं. मग खाकरणं.

“साळूबाई... त्यास्नी सांगा, तुमी घर धरलं की त्यांचं येणं सरलं. म्हनून केली लबाडी.”

“कवापसनं चाललंय?”

“झालं की... दोन-तीन सांजा.”

“आन् चुलीम्होरं काय, ते सांगायचं ऱ्हायलंय.”

“तवा चुलीम्होरं कोन हाय ते दिसायचं न्हाई,” तो म्हणाला. या वेळी तो म्हशीशी बोलत नव्हता. “आता दिसतंय.”

मी साळूच्या पोटावरून हात फिरवत राहिले.

“एक मागू?” त्यानं विचारलं. “हिचं जुनं दावं द्या. नव्याला लय ओढ घेती, मान सोलाटली.”

“दावं देत न्हाईत.”

“आता ठावं हाय मला.”

“आबांच्या खुंटीला हाय. मागायचं तर आबांस्नी मागा.” मी पदर सावरून गोठ्याच्या दारापर्यंत गेले आणि तिथून म्हणाले, “आन् नुसतं दावं मागू नका.”

दुसऱ्या दिवशी मायलेक आमच्या दारात आले. आईनं घोंगडं अंथरलं. आबा खुशीत होते.

“ऱ्हायली न्हवं म्हस? मग झालं तर.”

“ऱ्हायली,” मानसिंग म्हणाला. “आबा... साळूचं दावं पायजे हुतं.”

आबांचा चेहरा उतरला. “दावं देत न्हाईत रं. तुज्या आईला इचार.”

आणि तो माणूस तिथंच अडकला. तोफांपुढं उभा राहून आलेला, पण आता भर थंडीत घाम पुसत आमच्या बैलाकडे बघत बसला. राहीबाई त्याच्याकडे बघत होत्या. त्याच्या तोंडून आपसूक निघू दे, असं त्यांनी ठरवलं असावं. मी दाराआड गूळशेंगांचं ताट धरून उभी. आता हा ‘बरं’ म्हणून उठेल, आबांच्या पाया पडेल आणि ओढ्यापलीकडे जाईल... मग मला तिकडं जायला म्हशीचंही निमित्त नाही.

मी ताट खाली ठेवलं. बाहेर आले आणि खुंटीवरचं दावं काढून हातात घेतलं.

“आबा, तुमी दावं द्यू नका,” मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण लांबून आल्यासारखा. “मी घिऊन जाते.”

आईनं तोंडाला पदर लावला. आबांनी माझ्याकडे बघितलं, दाव्याकडे बघितलं, मानसिंगच्या लाल झालेल्या कानांकडे बघितलं.

“बैलाच्या बदली म्हस ठरली हुती,” ते सावकाश म्हणाले. “पोरगी बोलीत नव्हती.”

“मग नव्यानं बोली करूया की, भावजी,” राहीबाई म्हणाल्या आणि त्यांनी चांगल्या हातानं मला जवळ ओढून बसवलं.

फाल्गुनात लग्न झालं. इथून पुढं मला त्यांचं नाव घ्यायची सोय नाही.

निघताना आईनं माझ्या टोपलीत लुगडी ठेवली, शिदोरी ठेवली, आणि सगळ्यात वर ते दावं, नीट वेटोळं करून. ज्या दाव्यासाठी तिनं मला ओढ्यापर्यंत पळवलं होतं, तेच.

“आये,” मला हुंदका आवरेना, “दावं देत न्हाईत न्हवं.”

“दिलं कुटं?” ती म्हणाली आणि माझे डोळे तिच्या पदरानं पुसले. “तुज्यासंगं चाललंय.”

संध्याकाळी मी ते साळूच्या गळ्यात बांधलं. तिनं दावं हुंगलं, मला हुंगलं आणि मान खाली घालून निवांत वैरण खायला लागली. ह्यांनी चरवी उचलली, खाकरले आणि तिच्याशी बोलायला बसले. धार वाजायला लागली तशी मी आत गेले. चुलीपुढं पाट मांडून ठेवलेला होता.