चर्चा करावी

देवरीतल्या एका सरकारी कार्यालयात दुर्गेश्वरी कटरे आवक-जावकच्या टेबलावर बसायची. येणारा कागद आवक वहीत, जाणारा जावक वहीत... तिच्या नंबराशिवाय तिथं चिटोरंही हलत नसे. नोव्हेंबरातल्या एका सकाळी निळ्या स्वेटरातला एक तरुण टेबलासमोर उभा राहिला. तो काही बोलायच्या आतच ती म्हणाली, "साहेब यायचे हायेत. तिथं बाकावर बसा."

तो बसला. चांगला अर्धा तास बसला. जुन्या शिपाई सुशिलाबाईंनी नाव विचारलं तेव्हा कुठे उलगडा झाला, की बदलून आलेले नवे साहेब, उमेंद्र बिसेन, ते हेच. दुर्गेश्वरीच्या तोंडचं पाणी पळालं.

"मंग सांगतलं काऊन नाही तुमी?"

"तुम्ही बसा म्हणालात... बसलो."

असं म्हणून तो हसला. खरं सांगायचं तर दुर्गेश्वरीचं निम्मं काम तिथंच तमाम झालं.

साहेब भला माणूस होता, कामाला वाघ; पण बोलायचं म्हटलं की त्याच्या जिभेला कुलूप लागायचं. दोन कर्मचारी भांडले तर हा गप्प, आणि दुसऱ्या दिवशी दोघांच्या टेबलावर पत्र. रागावणं कागदावर, कौतुकही कागदावर. फाईलमध्ये शंका आली की समासात लिहायचा, 'चर्चा करावी'. सरकारात ही रीतच आहे. असा शेरा आला की टेबलवाल्यानं फाईल घेऊन आत जायचं, समोरासमोर बोलायचं, मग फाईल पुढे.

जानेवारीपासून दुर्गेश्वरीच्या फाईलींवर हा शेरा जरा जास्तच येऊ लागला.

"साहेब, ही तं पंख्याच्या दुरुस्तीची फाईल हाये," ती एकदा म्हणाली. "ह्याच्यात का चर्चा करायची?"

तो पंख्याकडे पाहू लागला. "आवाज करतो तो..."

"पंखा तरी करते."

त्याचे कान लाल झाले. ती ओठ दाबून बाहेर आली आणि दिवसभर वहीत नंबर चुकवत राहिली. मग काय, खतांच्या फाईलीवर चर्चा, खुर्च्यांच्या फाईलीवर चर्चा. तो तिला आमगावच्या आपल्या घराबद्दल तिनं न विचारताच सांगू लागला. ती डब्यातली लाखोरीच्या डाळीची वडी त्याच्यासमोर सरकवू लागली. सुशिलाबाई मात्र वैतागल्या होत्या. "बोलाचं हाये तं बोला ना," त्या म्हणत, "माह्या हातानं फाईली कायले फिरवून राहिले?"

पण मनातलं काही तो बोलला नाही. तिनं वाट पाहिली, आणि वाट पाहण्यातही तिला सुख होतं.

दुर्गेश्वरीचे वडील मनिराम गोंदियाजवळच्या नागऱ्याला एकटेच राहत. आई नव्हती, दुसरं भावंड नव्हतं. मार्चमध्ये त्यांचं डावं अंग लुळं पडलं. शेजारीण जेवण द्यायची. पण ओट्यावरून घरात यायलाही त्यांना हात लागायचा. देवरीहून नागरा म्हणजे दोन बस बदलून अडीच-तीन तास, त्यामुळे ती शुक्रवारी जाई आणि रविवारी रडवेली होऊन परते. गोंदियात एक जागा रिकामी होती. तिनं विनंती बदलीचा अर्ज लिहिला, स्वतःच आवक वहीत चढवला आणि आत पाठवला. साहेबांच्या शिफारशीनं तो एप्रिलअखेर जिल्ह्याला पोचायला हवा होता.

अर्ज जावकला आलाच नाही. तिनं विचारलं. "बघतो," तो म्हणाला. आठ दिवसांनी पुन्हा विचारलं. "हो... बघतो." तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.

एप्रिल संपला. गोंदियाच्या जागेवर दुसरं कुणी रुजू झालं.

जूनमध्ये एका मंगळवारी अकरा वाजता शेजारणीचा फोन आला. मनिराम सकाळीच न्हाणीघरात पडले होते. ती पोचली तेव्हा दुपारचे अडीच झाले होते, आणि अंगणात माणसं जमली होती. बाबा दोनदा 'दुर्गे' म्हणाले, एवढं शेजारणीनं सांगितलं.

तेरवी करून ती परत आली. आल्या आल्या साहेबाच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

"माहा अर्ज कुठं हाये?"

त्यानं खण उघडला. अर्ज वरच होता. समासात त्याच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'चर्चा करावी'. खाली तारीख, अठरा एप्रिल.

"शेरा मारला... पण फाईल बाहेर पाठवायचा धीर झाला नाही," तो खाली बघत म्हणाला. "तुम्ही आत आल्या असत्या, तर बोलावं लागलं असतं. तुम्ही जाऊ नका, असं. मला तुम्ही... मला तुमच्याशी लग्न करायचं होतं, दुर्गेश्वरी."

हेच ऐकायला ती सहा महिने आसुसली होती. आता ऐकलं, आणि तिनं शेऱ्याखालची तारीख पुन्हा वाचली.

"एवढंच बोलाचं होतं, साहेब. मी हो म्हटलं असतं अन् गोंदियालेबी गेली असती. तुमच्या लग्नात नागरा आडवं येत होतं का?"

त्यानं अर्ज खणातून काढून टेबलावर ठेवला.

"अन् मीबी दोनदाच विचारलं," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा काऊन नाही विचारलं, ठाऊक हाये? मलेबी इथून जाणं जिवावर आलं होतं. बाबा तिकडं वाट पाहून राहिले, अन् मी इथं पंख्याची फाईल घेऊन हासून राहिली."

तो उठून जवळ येऊ पाहत होता. तिनं मान हलवली आणि अर्ज उचलून नेला.

त्याच आठवड्यात तिनं नवा अर्ज दिला. गोंदिया नको, कुठंही चालेल. सुशिलाबाईंनी विचारलं, आता कुणासाठी जातेस? कुणासाठी नाही, ती म्हणाली, साहेबाचं तोंड पाहिलं की मले बाबा दिसतात.

ह्या वेळी फाईल तासाभरात परत आली. तिनं ती लगेच उघडली नाही. मनाशी म्हणाली, समासात ते दोन शब्द असतील तर आत जाईन, बसेन, त्याचं ऐकून घेईन. मग मात्र हळूच फाईल उघडली.

'शिफारस' आणि सही. समास कोरा होता.

आतला पंखा आवाज करत होता. दुर्गेश्वरीनं जावक वही ओढली, डोळे पुसले आणि आपल्याच कागदाला नंबर दिला.