मिटलेलं पुस्तक

तळवड्यात गुरुवारी कारखान्यांना सुट्टी. एरवी प्रेसच्या दणक्यांनी शेडचे पत्रे थरथरतात, पण त्या दिवशी भर दुपारी स्वतःचा श्वास ऐकू येतो. धम्मरत्नकाकांना हीच दुपार आवडायची. चाळीस वर्षं टूलरूममध्ये डायवर, म्हणजे ठशाच्या साच्यावर, उलटी अक्षरं कोरली. आता शेडमध्ये एकटेच तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरत बसायचे.

त्या गुरुवारी मिनल आली. काळेवाडीच्या विहारात पाली शिकवणाऱ्या ज्ञानदेव सरांची लेक. सर जाऊन वर्ष होत आलं होतं. पहिल्या स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनाला वाटायला तिला त्यांचं छापचित्र हवं होतं. महिन्यापूर्वी तिनेच मोबाइलवर युरोपातल्या जुन्या धर्मपंडितांची कोरीव चित्रं दाखवून सांगितलं होतं,

"काका, यात प्रत्येक वस्तू बोलते बघा. विझलेली मेणबत्ती म्हणजे आयुष्य सरलं. उघडं पुस्तक म्हणजे काम चालूच आहे. बाबांचं मिटलेलंच ठेवा."

का, ते काकांना ठाऊक होतं. सरांचं पाली ग्रंथाचं भाषांतर अर्धवट राहिलेलं. लेकीने ते पुरं करावं म्हणून त्यांनी हट्ट धरला, तिने कंपनीतली नोकरी धरली, आणि सर शेवटपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत.

आता काकांनी कोरून झालेल्या पत्र्यावर शाई चोळली, पुसली, ओला कागद ठेवून रूळ फिरवला. कागद उचलला... पुस्तक उघडं होतं.

"काका... मी मिटलेलं सांगितलं होतं ना?"

"मिटलेलंच कोरलंय, पोरी." त्यांनी पत्रा उजेडात धरला. खुर्चीत सर, शेजारी विझलेली मेणबत्ती, पुस्तक खरंच मिटलेलं. एक रेघ जास्तीची नव्हती.

शाईच्या वासात कुठून तरी तपकिरीचा वास मिसळला.

"हा... बाबांच्या तपकिरीचा..." मिनल शेडभर पाहू लागली.

काकांनी दुसरा कागद छापला. आता पुस्तकाचं एक पान लिहिलेलं, दुसरं कोरं. आणि सरांनी हातातली लेखणी समोर धरलेली, बघणाऱ्याकडे.

मिनलने कागद हातात घेतला. "अजून रागावलेत का हो बाबा?"

"वेडे, रागावलेला माणूस लेखणी पुढे करतो होय?" भीती वाटत होती, तरी काकांना भरून आलं.

ती खूप रडली. मग तो कागद छातीशी धरून, "लिहिते बाबा, लिहिते," असं पुटपुटत घरी निघाली.

काका रॉकेलचा बोळा घेऊन पत्रा पुसायला बसले. तपकिरीचा वास आता येत नव्हता. शाई निघाली, तशा रेघा उजळल्या. मेणबत्ती विझलेली, पुस्तक मिटलेलं, जसं कोरलं होतं तसंच.

खुर्चीत मात्र कुणीच नव्हतं.