फळीचं पोट

१४ मे, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. वाशीममधल्या आपल्या कारखान्यात शालिग्रामने गिटारीच्या वरच्या फळीवर पोलादी फूटपट्टी आडवी ठेवली आणि ती डुलली.

डुलायला नको होती. सपाट फळीवर फूटपट्टी निजते. आणि मे महिन्यात, पत्र्याखालच्या कोरड्या उकाड्यात, फळी हललीच तर मधोमध खाली बसते. वर येत नाही. तीस वर्षांत कधी आली नव्हती. त्याने फूटपट्टीच्या टोकाखाली वर्तमानपत्राचे तुकडे एकावर एक सरकवले. सहा गेले, सातवा अडला.

त्याने फळी उलटी केली. आतल्या आधाराच्या दांड्या त्यानेच रंधून सरळ केल्या होत्या. एक सोडवून सपाट काचेवर ठेवली. तिला बाक आला होता. त्याने नव्या दांड्या रंधल्या, काचेवर तपासल्या, चिकटवल्या. तिसऱ्या दिवशी नऊ तुकडे गेले.

हा बाक त्याच्या ओळखीचा होता.

दारं-खिडक्यांचं काम सोडून त्याचा जोडीदार जमशेद आणि तो गिटारी करायला लागले, तेव्हापासून दोघांचा एकच वाद. जमशेद म्हणे, "फळीले थोडंसं पोट पाह्यजे, शाल्या. उन्हाळ्यात सुकली तरी तडकत नाही."

"पोट तुले आहे तेवढं बस झालं," शालिग्राम म्हणे.

तीन वर्षांपूर्वी नागपूरच्या एका संगीतशाळेला दोघांपैकी एकाची गिटार निवडायची होती. जमशेद नमाजला गेला असताना शालिग्रामने त्याची पोट दिलेली, उठावाची फळी तापलेल्या पत्र्यावर नेऊन ठेवली. तासाभराने खाली आणली, तेव्हा ती मधोमध उभी फाटली होती. जमशेद परत आल्यावर तो म्हणाला, "पाह्य, तुह्या पोटानंच फोडली."

जमशेदने त्याच्यावर विश्वास ठेवला. हत्यारं बांधली, मालेगावला जाऊन खाटा ठोकायला लागला. वर्षभरात गेला. कबरीवर शालिग्रामनेही तीन मुठी माती टाकली.

१८ मेला सकाळी जमशेदची मुलगी तूबा मालेगावच्या बसने आली. तिला आता गिटारी करायच्या होत्या. पिशवीत तिच्या वडिलांचा फर्मा होता, उठाव मोजायची लाकडी कमान. बोलता बोलता तिने तो समोरच्या फळीवर टेकवला.

फटीतून केसाएवढाही उजेड आला नाही.

"काका! तुमी तं अब्बाच्याच मापानं करून राह्यले."

"नाही. सपाटच केली मी."

"मंग हे काय?"

"हवा बदलली असंन."

ती हसली नाही. "एक विचारू? अब्बा शेवटपर्यंत म्हणत, माह्याच हातानं फळी फुटली. रात-रात जागत. खरंच फर्मा चुकला होता का? तुमी सांगाल तेच मी मानीन."

शालिग्रामला पत्र्याकडे पाहायचं नव्हतं. त्याने पाहिलं. खरं वाक्य ओठांपर्यंत आलं होतं, फक्त उच्चारायचं होतं.

"चुकला होता, बेटा," तो म्हणाला.

फळीतून टक् असा आवाज आला.

तूबाने फर्मा गुडघ्यावर धरून मोडला. "चहाच्या चुलीत घाला," म्हणाली आणि बससाठी निघाली. तुकडे जळायला वेळ लागला नाही.

दुपारी भिंतीवर टांगलेल्या चारही सपाट फळ्या मधोमध उठल्या होत्या.

त्याने कारखान्याला कुलूप लावलं.

५ जूनला, शुक्रवारी, तूबाचा फोन आला. आवाज साधाच होता.

"काका, कबरीची माती पावसानं बसते ना? आजूबाजूच्या साऱ्या बसल्या. दोन पावसाळे झाले, अब्बाची बसली नाही."

"माती जास्त पडली असंन."

"नाही. वर येऊन राह्यली. तिथला रखवालदार काठीनं मोजते. मागच्या जुम्म्याहून दोन बोटं वर आहे. काहून असंन?"

शालिग्रामने फोन कानाला धरून ठेवला. ती वाट पाहत होती. मग तिनेच फोन ठेवला.



१२ जूनला रखवालदाराने पुन्हा काठी लावली. आणखी दोन बोटं.