अल्लीपूरच्या रस्त्यावर थांबलेली गाडी

"लहानूनंच मारलं त्याईले," सुलोचनाबाई म्हणाल्या. "गाडी चालत होती. यानं मुद्दाम थांबवली. मले हे शाबीत करून द्या, बाई."

वर्ध्यातल्या त्या लहानशा कचेरीत काजल ढोकेसमोर त्या ताठ बसल्या होत्या. पोलिसातली नोकरी सोडून काजलने खासगी तपासाचं काम सुरू केलं, त्याला तीन वर्षं झाली होती. तिचे मामा प्रेमदास एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाल्यापासून तिच्याबरोबर हिंडत. बाईंची हकीकत ऐकताऐकताच मामांचं मत बनून गेलं होतं: लहानूचा यात काही दोष नाही.

हकीकत सरळ होती. सुलोचनाबाईंचे यजमान प्रभाकरराव हिंगणघाटचे कापसाचे जिनिंगवाले. २००९ च्या डिसेंबरात, भर दुपारी, अल्लीपूरच्या ओलिताच्या वावरात त्यांच्या छातीत कळ आली. ड्रायव्हर लहानूने त्यांना गाडीत घातलं आणि वर्ध्याचा रस्ता धरला. वाटेत टायर पंक्चर झालं आणि गाडी उभी राहिली. लहानूने फोन केला, मुलगा स्वप्निल दुसरी गाडी घेऊन धावला; पण दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

"पंक्चर झाल्यावर गाडी थांबणारच की," मामा म्हणाले.

"आमची नाई थांबत. जर्मन गाडी हाय. तिचे टायर रन-फ्लॅट. हवा गेली तरी त्याच्या बाजू कडक राह्यतात, हळूहळू पन्नास-साठ किलोमीटर आरामात जाते. म्हणून तर कंपनी तिच्यात स्टेपनीच देत नाई. यजमानाले भारी कौतुक त्या टायरचं."

"प्रवासाला कशी आहे गाडी?" काजलने विचारलं.

मामांना हा प्रश्न अगदीच अस्थानी वाटला. बाईंनाही वाटला असावा.

"पहिले लय आदळे. माह्या कमरेत सळक निघे. दिवाळीपासून बरं हाय. मालिशवाल्या मनकर्णाबाईच्या तेलानं गुण आला."

अल्लीपूरच्या पोलिसांनी लहानूला आत टाकलं होतं. कोठडीच्या गजांआड तो उकिडवा बसला होता. सुजलेला ओठ त्याने लपवला नाही.

"मालक म्हनत, चालव, चालते थे. मी चालवली, ताई. स्टेरिंग एकीकडं ओढे. मंग टायर फाटलं, चिंध्या झाल्या, अन् चाक डांबरावर खरखर करत रुतलं. पुढं जाईच ना. डिकीत स्टेपनी नाई, जॅक नाई. काय करू?"

"मालकाशी भांडण होतं तुमचं?"

"भांडन कायचं? जिनिंगात चार मानसाईसमोर थोबाडीत मारलीती त्याईनं. पन म्हनून कोनी जीव घेते काय?"

"गाडीत अलीकडं काही फरक वाटला होता?"

लहानूने आठवून पाहिलं. "दिवाळीत नागपूरले सर्व्हिसिंग झाली, तवापासून नरम चाले. पन थे त स्वप्निलभाऊ घेऊन गेलते. मी नोतो संग."

हिंगणघाटहून ट्रकवर घालून आणलेली काळी गाडी ठाण्याच्या आवारात लाल मुरमावर उभी होती. पुढच्या डाव्या टायरची हवा गेलेली, त्यात खिळा. पण फाटलेलं नव्हतं.

"पाय!" मामा म्हणाले. "चिंध्या म्हने! खोटारडा साला."

काजल खाली बसली. टायरच्या बाजूवरच्या अक्षरांवरून तिने बोट फिरवलं. एकूण एक अक्षर उठावदार होतं. मग तिने चाकाच्या लोखंडी कडेला हात लावला. कड चेपलेली होती आणि तिच्यात डांबर भरलं होतं. ती चारही चाकांभोवती फिरली. मडगार्डच्या आत वावराची काळी माती थापल्यासारखी वाळली होती. टायरच्या खाचांत मात्र फक्त आवारातला लाल मुरूम होता.

"गाडी धुतली असंन," मामा म्हणाले.

"टायर धुतले, अन् वरची माती तशीच ठेवली?"



जिनिंगात प्रभाकररावांचा भाचा धर्मेंद्र भेटला. माणूस तुसडा. प्रभाकररावांशी त्याचं पटत नव्हतं, हे त्याने स्वतःहूनच सांगितलं. "लहानूले मारलेली थापड मले लागाची होती. मी जरा बाजूले सरकलो एवढंच."

"त्या दिवशी गाडी रस्त्यावरून कोणी आणली?"

"मले काय माहीत? मी मामाजीपाशी दवाखान्यात होतो. मयतीची सगळी धावपळ माह्याच अंगावर आली. गाडीचं स्वप्निलनं पाह्यलं."

बाहेर पडल्यावर मामा कुजबुजले, "हाच असंन. याचा मामा गेला की जिनिंग याच्याच हाती."

काजलने प्रभाकररावांच्या घराचा रस्ता धरला.

स्वप्निल घरीच होता. तिशीचा, नीट इस्त्रीच्या कपड्यातला, पण डोळे खोल गेलेले. तो पाठ केल्यासारखा बोलला. "गाडी मी स्वतः चालवत आणली. अल्लीपूरपासून हिंगणघाटपर्यंत, त्याच पंक्चर टायरवर. आरामात आली. म्हणूनच सांगतो, लहानू खोटं बोलतो."

"नक्की त्याच टायरवर?"

"त्याच."

काजलने पडद्याआडून ऐकणाऱ्या सुलोचनाबाईंना बाहेर बोलावलं आणि धर्मेंद्रलाही निरोप धाडला.  

"बाई," धर्मेंद्र आल्यावर काजल म्हणाली, "तुमच्या कमरेला तेलानं गुण नाही आला. रन-फ्लॅट टायर कडक असतात, म्हणून गाडी आदळायची. दिवाळीत नागपूरला ते काढून साधे टायर बसवले गेले. तेव्हापासून गाडी नरम झाली. लहानूलाही तेच जाणवलं, फक्त कारण कळलं नाही."

"पन ठाण्यातल्या गाडीले तर रन-फ्लॅटच हायेत," मामा म्हणाले.

"आहेत. नंतर परत चढवले. हवा नसलेल्या टायरवर माणूस अल्लीपूरहून इथवर आला तर टायरच्या बाजू घासून निघतात, अक्षरं पुसली जातात. त्या टायरचं एक अक्षर पुसलेलं नाही. म्हणजे ते हवेविना चाललंच नाही. ना लहानूच्या हातात, ना स्वप्निलच्या. पण लोखंडी कड डांबरात घासली गेली. टायर शाबूत असतं तर कड रस्त्याला लागलीच नसती. त्या दुपारी त्या चाकावर दुसरं टायर होतं, अन् त्याच्या खरंच चिंध्या झाल्या. मडगार्डमध्ये वावराची माती, अन् टायरच्या खाचा स्वच्छ, कारण हे टायर त्या दिवशी वावरात गेलेच नव्हते."

ती स्वप्निलकडे वळली. "दिवाळीत गाडी नागपूरला तू नेलीस. त्या दिवशी रस्त्यावरची गाडी तू ताब्यात घेतलीस. जुने टायर कुठे ठेवले होतेस, ते तुलाच ठाऊक. खिळासुद्धा तूच ठोकलास."

स्वप्निल खुर्चीत खचला.

"बाबा टायर काढू देत नव्हते," तो म्हणाला. "आई गाडीतून उतरली की भिंत धरून चालायची. मले पाहवे ना. म्हणून गुपचूप बदलले. दुकानदार म्हणाला, आता स्टेपनी ठेवा. पण बाबाईनं डिकी उघडली असती त सारं समजलं असतं."

"अन् लहानू?" मामा ओरडलेच.

"मी फक्त गाडी ओढून घरी आणली अन् टायर परत लावले. माह्यामुळं बाबा गेले, हे कोणाले समजू नये म्हणून. मंग आईच म्हणाली, गाडी तर चालते, थांबली कशी? मी बोलून गेलो, लहानूले विचारा. त्यानंतर मागं फिरता नाई आलं."

"माह्या कमरेसाठी?" सुलोचनाबाईंनी मुलाकडे पाहिलं.  मग काजलजवळ येऊन हळू म्हणाल्या, "बाई, आता राहू द्या. मीच बोलावलं तुम्हाले, मीच म्हणतो, राहू द्या. माहा एकच पोरगा हाय. लहानूच्या घरच्याईले मी जनमभर पाहीन."

मामांना वाटलं, काजल विरघळेल. 

"मी ठाण्यात सगळं सांगूनच इथं आले, बाई. फक्त याच्या तोंडून ऐकायचं होतं. जमादार बाहेर उभे आहेत."

धर्मेंद्रने मान खाली घातली. सुलोचनाबाईंनी काजलकडे असं पाहिलं, की मामांनी नजर वळवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी लहानू सुटला. ठाण्यासमोरच्या टपरीवर मामांनी त्याच्या हातात चहा दिला, पाठीवर थाप मारली. "सुटला बाप्पा! आता कोनी तुले बोल लावत नाई."

लहानूने चहा ओठाला लावला नाही.

"मालक लय वेळ जिते होते, मामा. गाडी थांबल्यावर. मी त्याईचं डोस्कं मांडीवर घेतलं, तर ढकलून दे मले. म्हने, नमकहराम, थापडीचा बदला घेऊन राह्यला काय? चालते थे गाडी, तू चालवत नाई." त्याने कप बाकावर ठेवला. "थेच बोलत गेले. साऱ्या गावाले आता खरं माहीत झालं. त्याईले कोन सांगन?"

मामा काजलकडे पाहू लागले.  लहानू उठला आणि हिंगणघाटच्या बसकडे न जाता पायीच चालू लागला.