दुसरी फुंकर

औरादच्या शाळेला दिवाळीची सुट्टी होती, म्हणून चौथीचा वर्ग प्राणेशला मिळाला. साल १९८४. गुलबर्ग्याहून आलेल्या तपासणी पथकात तो तंत्रज्ञ होता. डॉक्टर बैठकीसाठी बीदरला गेले, जीपही त्यांच्याबरोबर गेली, आणि तीन दिवस तो एकटाच मोठ्या माणसांचा श्वास मोजत बसला. एकटेपणा त्याला नवा नव्हता. आषाढात त्याची बायको नलिनी दम्यानं गेली, तेव्हापासून गुलबर्ग्याच्या दोन खोल्यांतही त्याच्याशी बोलणारं कुणी नव्हतं.

यंत्र साधं. पाण्यात उलटं तरंगणारं पत्र्याचं भांडं. नळीतून फुंकलं की ते वर उचलायचं आणि त्याला जोडलेलं पेन फिरत्या कागदावर रेघ काढायचं. एकदा फुंकायचं, औषधाचे दोन फवारे ओढायचे, पंधरा मिनिटं बसायचं, पुन्हा फुंकायचं. दुसरी रेघ पहिलीपेक्षा उंच गेली, तर औषधानं श्वासनळ्या मोकळ्या झाल्या असं समजायचं.

तिसऱ्या दुपारी भगवानराव बायकोला घेऊन आले. शेतकरी माणूस, टोपी हातात धरून उभे राहिले.

"हिला दोन वर्सं झाली दम लागायलाय. श्वास आत जातो, भाईर येत न्हाई." एवढं सांगून ते व्हरांड्यात जाऊन बसले.

नागूबाई पन्नाशीच्या. त्यांनी फुंकलं. पेन जेमतेम बोटभर चढलं आणि अडलं. छाती मात्र पिंपासारखी फुगलेली. जुन्या दम्यात हवा अशी आत कोंडते. प्राणेशनं असे शेकडो पाहिले होते. त्यानं फवारे दिले आणि घड्याळात पाहिलं.

"कामून भरती एवढी छाती, अण्णा?"

"नळ्या आखडतात, अक्का. हवा आत अडकते."

"ती माझी एकटीची न्हाई." त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या. "गावात कुणी जायला लागलं की मला बोलवतेत. मी हात धरून बसते. माणूस गेलं की माझी छाती जराशी भरती."

प्राणेशनं पहिल्या रेघेखाली तारीख टाकली.

"आषाढात मी गुलबर्ग्याच्या दवाखान्यात होते. शेजारच्या खाटेवर एक बाई. तिच्याजवळ कुणीच न्हाई. मालक मशीन घिऊन गावोगाव हिंडायलेत म्हणायची. आले का, आले का, सारखं इचारायची. शेवटी मीच हात धरला."

आषाढात तो आळंदला अशाच शिबिरात होता. तार मिळून परतला, तेव्हा खाट रिकामी होती.

पंधरा मिनिटं कधीच होऊन गेली होती. त्यानं नळी पुढं केली. त्या बाईचं नाव त्यानं विचारलं नाही.

नागूबाईंनी फुंकलं.

पेन चढलं. पहिल्या खुणेच्या वर गेलं. दुप्पट, तिप्पट. एखाद्या पहिलवानाचा दम संपला असता, तिथंही ते थांबलं नाही. नागूबाईंचे डोळे विस्फारले. ओठ नळीवर होते, पण त्या फुंकत नव्हत्या. श्वास आपला आपण निघत होता.

शेवटी रेघ थरथरली. एक पायरी. दुसरी. तिसरी. आणि मग लांब, बारीक शेपूट.

ती रेघ प्राणेशला पाठ होती. दर महिन्याला त्यानंच ती काढली होती. नलिनी श्वास असाच सोडायची, तीन ठसक्यांत.

त्यानं नळीची तोटी बंद केली.

"हलकं वाटायलंय, अण्णा," नागूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "लई दिसांनी." त्या उठून बाहेर गेल्या.

भांडं काठोकाठ वर आलेलं होतं. पुढच्या माणसासाठी ते दाबून रिकामं करायचं असतं. प्राणेशनं खिडक्या लावून घेतल्या आणि स्टुलावर बसून राहिला.

तोटी बंदच होती. तरी भांडं किंचित खाली गेलं.

वर आलं.

पुन्हा खाली. पेन कागदावर छोट्या लाटा काढू लागलं. आधी घाईच्या, मग सावकाश, एकसारख्या.

दारावर थाप पडली. "सायेब, अजून दोघंतिघं बसलेत," भगवानरावांचा आवाज आला. "आत धाडू का?"

प्राणेशनं दार बोटभर उघडलं.

"हळू बोला," तो कुजबुजला. "तिला आत्ता कुठं डोळा लागलाय."