मागणारीची मेणबत्ती

माझी लेक सोलांज सातव्या महिन्यातच जन्मली. ती आत काचेच्या पेटीत, मी बाहेर. तेव्हा नवस बोलले होते, "मरियामाते, ही घरी आली तर दर वर्षी मेणबत्त्यांच्या सणाला सें-व्हिक्तोरच्या मठातून तुझी हिरवी मेणबत्ती पेटती घरी आणीन. पायी आणीन, बसने नाही." सोलांज आता दोन लेकरांची आई आहे. म्हणजे मातेने तिच्या बाजूचं पाळलं. माझ्या बाजूचं एकाच वर्षी चुकायला आलं होतं. ती ही गोष्ट.

बसा ग पोरींनो. बिस्किटं अजून भट्टीत आहेत, उद्याच्या सणाची. ती खिडकी तेवढी लावून घे. नाही, कुणी नाही तिथे. वारा आहे.

त्या वर्षीची दोन फेब्रुवारी, सणाचा दिवस, शुक्रवारची पहाट. आदल्या आठवड्यात आपल्या धक्क्याच्या ओल्या दगडावरून मी घसरले होते आणि पाय प्लास्टरमध्ये होता. म्हणून नवसाला माझ्या जागी माझी भावजय ओदील निघाली. ओदीलला तुम्ही ओळखता. मासळीबाजारात तिच्यासमोर भाव करताना बड्या बड्या हॉटेलवाल्यांची बोबडी वळते. देवाधर्माचं मात्र नाव नको.

"ताई, तुमच्या मातेला बस चालत नाही होय?"

"नवस बसने फिटत नसतो."

"पायी चालणारे तिला एवढे लाडके, तर तुमचाच पाय बरा मोडू दिला!"

"जातेस की नाही?"

"जाते हो. नाहीतर वर्षभर घरात कुणी शिंकलं तरी माझ्यावर ढकलाल."

माझा भाऊ आंज, तिचा नवरा, संध्याकाळीच आपली लाकडी होडी घेऊन गेला होता. समोरच्या फ्रिऊल बेटावर दोस्ताकडे झोपायचं आणि उजाडायच्या आत जाळी उचलून परत यायचं, हा त्याचा नेहमीचा शिरस्ता. त्यामुळे घोर कसलाच नव्हता. ओदील अंधारातच गेली. हिरवी वस्त्रं ल्यालेल्या काळ्या मरियामातेच्या मूर्तीची मिरवणूक मोठ्या बंदरावरून मठात चढली, मिस्सेची प्रार्थना सुरू झाली.

आणि मिस्त्राल सुटला, आपला तो उत्तरेचा बेफाम वारा.

तुम्हाला काय सांगायचं मिस्त्रालचं. पण असा, न सांगता सुटलेला, मी दोनदाच पाहिलाय. खिडक्यांच्या फळ्या आपटायला लागल्या तशी मला जाग आली. आंजचा फोन लागेना. बेटावरच्या दोस्ताला उठवलं. तो म्हणाला, "आंज? तो आलाच नाही. मला वाटलं, बेत बदलला."

बचाववाल्यांना कळवलं. ते निघाले. मग ओदीलला फोन लावला.

ती मठाच्या पायऱ्यांवर होती. मेणबत्ती नुकतीच पेटवलेली. मी सांगितलं. मग ती म्हणाली, "मी हिला विझू देणार नाही, ताई."

ओदील म्हणाली हे! जी चर्चमध्ये लग्नाला नि मयतालाच जाते. पण माणसाला धरायला काहीतरी लागतं. तिच्या हातात त्या वेळी तेवढंच होतं. ही ज्योत घरी पोचली तर तो पोचेल, असं तिने मनाशी बांधलं आणि चालायला लागली.

पुढचं तिनेच मला सांगितलंय, आणि एकदाच.

कातालाँच्या किनाऱ्याच्या वाळूपर्यंत घरांचा आडोसा होता. तिथून पुढे कॉर्निशचा रस्ता, उजव्या हाताला उघडा समुद्र. रस्त्यावरचे दिवे वाऱ्याने गेलेले. ज्योतीभोवतीचा कागदाचा पेला केव्हाच उडाला होता. तिने कोट उघडला, मेणबत्ती छातीशी धरली, दोन्ही हातांची ओंजळ केली. बाही करपली. बोटांवर मेण सांडत होतं. तोंडाने एकच पालुपद, "माझा बाहेर आहे... माझा बाहेर आहे..."

वाळूच्या वरच्या कठड्याशी एक बाई उभी होती. अंगावर काळी शाल. हातात हिरवी मेणबत्ती, न पेटवलेली.

"पोरी, जरा ज्योत दे."

ज्योत द्यायची म्हणजे ओंजळ सोडायची. त्या वाऱ्यात! ओदील थांबलीसुद्धा नाही. "माफ करा, मावशी. माझी विझेल," म्हणाली आणि पुढे निघाली. मागे वळून पाहिलं तर बाई तिथेच होती. एवढ्या वाऱ्यात भिजल्या कपड्यानिशी. भिजलेली का, हा विचार ओदीलला नंतर आला.

रस्ता एकच आहे. तुम्ही रोज जाता त्याने. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कठडा. ओदीलला कुणी ओलांडून गेलं नाही. गाडी नाही, माणूस नाही.

आपल्या पुलावर ती आली. खाली आपलं छोटं बंदर, या घरांची छपरं. खाली उतरणाऱ्या जिन्याच्या तोंडाशी...

तीच बाई.

"पोरी, ज्योत दे."

ओदीलने ओंजळ आणखी घट्ट केली. वारा तिचा रुमाल मानेवरून ओढून काढत होता. त्या बाईच्या शालीचं टोकही हलत नव्हतं. केसांतून पाणी ठिबकत होतं. पापण्यांवर मीठ होतं.

"वाट सोडा," ओदील म्हणाली. "पाया पडते. वाट सोडा."

बाईने वाट सोडली. लगेच सोडली. भिंतीला टेकून उभी राहिली. ओदील पहिली पायरी उतरली. दुसरी उतरली. आणि मागून आवाज आला. हळू. कुणाला उद्देशून नाही, आपलं आपल्याशी.

"माझा बाहेर आहे..."

ओदील थांबली.

मला म्हणाली, "ताई, ते माझेच शब्द होते. मी काय करणार होते?"

ती दोन पायऱ्या परत चढली. ओंजळ उघडली. ज्योत वाकली, दुसऱ्या वातीला लागली...

आणि ओदीलची विझली.

बाईची पेटली. सरळ उभी राहिली. वारा दारं उपटत होता आणि ती ज्योत बंद खोलीतल्यासारखी सरळ.

इथवर ओदीलचं. यापुढचं मी स्वतः पाहिलंय. या खिडकीतून.

जिन्यावरून एक ज्योत खाली येताना दिसली. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, आणली पोरीने. ज्योत दाराशी आली. दाराशी थांबली नाही. खिडकीखालून पुढे गेली. मी फळी ढकलून ओरडले, "ओदील! अग, कुठे चाललीस?"

"ताई..."

आवाज वरून आला. जिन्याच्या वरच्या टोकावरून. अंधारातून.

मी पुन्हा खाली पाहिलं. ज्योतीखाली कुणी नव्हतं.

ज्योत धक्क्यावरून गेली. होड्यांच्या बाजूने. धक्का संपला. ती थांबली नाही. पुलाच्या कमानीखालून... बाहेर. जिथे पाणी नुसतं पांढरं फुटत होतं, तिथे. मग दिसेनाशी झाली.

ओदील जिन्यावरून बसत बसत खाली आली. विझलेली मेणबत्ती मुठीत. दार उघडलं तर माझ्याकडे बघेचना. "मी विझवली, ताई. परक्या बाईसाठी मी त्याला विझवलं."

मी तिच्या हातातून मेणबत्ती काढायला गेले, तर मूठ सुटेना. दोघी खिडकीशी बसून राहिलो. फोन मध्ये ठेवला. तो वाजला नाही. मातेचं नाव घ्यायचं मला धैर्य होईना. ओदील घेत होती. ओठांनीच.

मग आवाज. टक... टक... टक... अडखळत चाललेलं इंजिन. कमानीखाली.

ओदील अनवाणी धावली. मी प्लास्टर ओढत मागून. आंज होडीत गुडघ्यांवर बसला होता, ओठ निळे. दोरी फेकली आणि त्याचं पहिलं वाक्य काय, तर, "कोण गाढव एवढ्या वाऱ्यात दिवा घेऊन उभं होतं?"

"कसला दिवा?" मी विचारलं.

"बंदराच्या तोंडाशी. पाण्याला लागून. मासळी चांगली लागली म्हणून बेटावर न जाता रात्रभर जाळ्यांशीच थांबलो, त्यात हा वारा. इंजिनात पाणी शिरलं होतं, किनाऱ्यावर मिट्ट काळोख. दोन्हीकडे खडक, कुठे शिरायचं दिसेना. तेवढ्यात तो दिवा. हलतही नव्हता. मी होडीचं नाक त्यावर धरलं नि आलो. कोण होतं? दारू पाजतो त्याला."

ओदीलने त्याला फाडकन एक थोबाडीत दिली आणि गळ्यात पडून रडली. त्याला त्या दिवशी आम्ही काही सांगितलं नाही.

वारा पडल्यावर त्याने होडी धुवायला काढली आणि मला हाक मारली. होडीच्या नाकावर, अगदी टोकाला, हिरव्या मेणाचा थेंब होता. अंगठ्याएवढा. मधे वातीचा काळा ठिपका. तिथे कुणीतरी मेणबत्ती टेकवून उभी केली असावी, तसा.

आंजने तो खरवडला. जूनमधल्या संत पेत्राच्या, कोळ्यांच्या सणाआधी होडीला नवा रंग दिला. थेंब रंगावर परत आला. दर वर्षी रंग देतो. दर वर्षी येतो. होडी खाली बांधलेली आहे, सकाळी बघा. हात लावून बघा. थंडीत लाकूड बर्फासारखं असतं. तो थेंब कोमट लागतो.

ती बाई कोण, मला ठाऊक नाही. तिचा माणूस मिळाला का, तेही नाही. मिळाला असेल. मी तसंच मागते.

तेव्हापासून ओदील आणि मी जोडीने जातो आणि दोन दोन मेणबत्त्या घेतो. एक आपली, एक मागणारीची. ओदील अजून म्हणते की मी काही मानत-बिनत नाही, पण दुसरी मेणबत्ती विसरले तर मलाच ओरडते.

उद्या पहाटे तुम्ही निघालात की तुम्हीही दोन घ्या, पोरींनो. एवढं कबूल करा माझ्याजवळ. आणि वाटेत अंधारात कुणी ज्योत मागितली, तर कोण, कुठची, विचारू नका. ओंजळ उघडा.