पेंढी सुटेपर्यंत

"महांतप्पा, प्रश्न विचारून झाला की तू उभ्या उभ्या झोपतोस का रे?"

राजेश्वरीनं विचारलं खरं, पण पाण्याच्या टाकीआडून नीला आणि अक्षरा या मैत्रिणींचं खुसखुसणं ऐकू आलं आणि हे विचारायची पैज कुणी लावली ते सांगायची गरजच उरली नाही.

डी.एड.च्या शेवटच्या वर्षाचे सराव पाठ तामलवाडीच्या शाळेत चालले होते. महांतप्पा उमरग्याच्या पलीकडचा, घरी कानडी बोलणारा, उंच, अबोल. दोन वर्षं एका वर्गात बसूनही मुलींशी त्याचं बोलणं म्हणजे 'खडू आहे का' एवढंच. पण त्याचे गणिताचे पाठ ही मुलींची करमणूक. प्रश्न विचारायचा आणि गप्प उभा राहायचा. पोरं छताकडं बघतायत, कुणी नाक पुसतंय, बाहेर हायवेवरून ट्रक चाललेत... आणि हा आपला उभाच.

आत्ताही तसाच उभा राहिला. डोळ्यांत मात्र काहीतरी हललं, हसू असावं. राजेश्वरीला शांतता सोसायची नाही, जन्माची खोड.

"नसशीलच झोपत," ती म्हणाली. "विचार करत असशील. व्हय ना?"

"मी सांगणारच होतो. तूच सांगून टाकलंस." तो जरा थांबला. "वर्गातही असंच करतीस तू."

टाकीआडचं हसणं बंद झालं. राजेश्वरी कानापर्यंत लाल झाली, आणि ती रागानं की आणखी कशानं, हे तिला दिवसभर कळलं नाही.

तसा तिच्या जिवाला त्या आठवड्यात दुसराच घोर होता. माकणीहून आईचा फोन आला होता. बार्शीच्या पाहुण्यांना मुलगी पसंत आहे, रविवारी घरी येऊन होकार सांग. त्यांना नोकरी करणारी सून नको होती, आणि लग्न परीक्षेच्या आधीच हवं होतं. "माणसं चांगली हैत गं," आई म्हणाली होती. "तू व्हयच म्हणणार, मला ठाऊक आहे." आणि राजेश्वरी काहीच बोलली नव्हती. एवढी बोलकी पोरगी, पण तिचं स्वतःचं काही विचारलं की उत्तर घरात आधीच कुणीतरी देऊन टाकलेलं असायचं.

दुसऱ्या दिवशी दुसरीच्या वर्गावर तिचा पाठ होता. बावन्नातून सत्तावीस गेले, किती उरले? तिनं फळ्यावर धडाधड करून दाखवलं. दोनातून सात जात नाहीत, मग शेजारचा एक दशक घ्यायचा... पोरं तिच्यामागून एका सुरात ओरडली. सगळं कसं झकास. मग फळा पुसून तेच गणित तिनं पाटीवर करायला दिलं, तर पुढं बसलेल्या अस्मितानं लिहिलं, पस्तीस. सातातून दोन काढले होते तिनं. मोठ्या आकड्यातून लहान काढायचा, मग तो वर असो की खाली. मागच्या पोरांनीही तेच केलेलं.

राजेश्वरीनं पुन्हा सांगितलं. मग जरा मोठ्यानं सांगितलं. अस्मितानं हातानं पाटी झाकली.

मागं निरीक्षणाला बसलेला महांतप्पा उठला. "मी येऊ का?" त्यानं हळूच विचारलं. ती नाही म्हणाली नाही.

त्यानं पिशवीतून ज्वारीच्या धाटांचे बोटभर तुकडे काढले. शेतात कडब्याच्या पेंढ्या बांधतात तशाच दहा-दहा तुकड्यांच्या चिमुकल्या पेंढ्या, दोऱ्यानं आवळलेल्या. पाच पेंढ्या आणि दोन सुटी धाटं अस्मितासमोर ठेवून तो खाली मांडी घालून बसला.

"किती आहेत?"

"बावन्न."

"त्यातली सत्तावीस मला दे."

अस्मितानं दोन पेंढ्या दिल्या. मग दोन सुटी धाटं दिली. मग तिचा हात थबकला.

वर्ग गप्प झाला. राजेश्वरीच्या जिभेवर शब्द येऊन उभा होता. पेंढी सोड. एवढं म्हटलं की झालं. महांतप्पानं तिच्याकडं पाहिलं आणि मांडीवरचा तळहात किंचित उचलला... थांब. तिनं ओठ मिटून घेतले. उसाची मोळी डोक्यावर धरणं सोपं, हे दोन शब्द तोंडात धरणं अवघड.

अस्मितानं एक पेंढी उचलली, उलटसुलट करून बघितली. आणि मग दोरा दातांत धरून ओढला.

धाटं घरंगळली.

"सोडली तर चालतंय की," ती स्वतःशीच पुटपुटली. सुटलेल्यातली पाच तिनं महांतप्पाच्या हातात दिली, उरलेली मोजली. पंचवीस. मग पाटी जवळ ओढून पस्तीसकडं बघत राहिली. "सर, मग हे पस्तीस कसं काय आलं?"

हा प्रश्न तिला कुणी घातला नव्हता. तिचा तिनंच काढला होता. राजेश्वरी खिडकीकडं वळली, कारण डोळे भरून यायची ती वेळ नव्हती.

शाळा सुटल्यावर दोघं ओट्यावर पेंढ्या परत बांधत बसली. वाऱ्यावर कापल्या ज्वारीचा कोरडा, गोडसर वास होता.

"गाठीवर बोट ठेव," तो म्हणाला. तिनं ठेवलं. दोरा आवळताना त्याचं बोट तिच्या बोटाला लागलं... आणि ती गाठ सैलच राहिली.

"हे थांबणं तू कुठं शिकलास?" विचारलं आणि या वेळी ती गप्प बसली. खरंच बसली.

"पहिलीत मला मराठी कळायचं नाही," बऱ्याच वेळानं तो म्हणाला. "गुरुजी विचारायचे. मी ते मनात कानडीत करून घ्यायचो. उत्तर यायचं, बरोबर यायचं. पण तोवर गुरुजी पुढच्या पोराकडं गेलेले असायचे. माझं उत्तर तोंडातच राहायचं."

ती धाट बोटांत फिरवत राहिली. मग म्हणाली, "मला विचार की कानडीत काहीतरी. बघू मला किती वेळ लागायलाय."

तो काहीतरी बोलला. हळू, दोन-तीनच शब्द. बोलून झाल्यावर स्वतःच पेंढ्यांकडं बघायला लागला.

"म्हणजे काय?"

"रविवारनंतर सांगतो."

"रविवारचं तुला कोण बोललं? नीलाच असणार."

"आत्ता सांगितलं तर तुझं उत्तर माझ्याकडं झुकंल. ते तुझं तू शोध. मग व्हय असू दे का न्हाय."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. काही गोष्टींना भाषांतर लागत नाही.

"आणि मला लई वेळ लागला तर?"

"मी झोपत नसतो," तो म्हणाला. "उभाच असतो."

रविवारी माकणीच्या घरी आई सुपात ज्वारी पाखडत होती. वडील, कोंडीराम, अंगणात बैलाचा कासरा वळत बसले होते. धरणाकडून वारं येत होतं.

"राजे, बार्शीवाल्यांना काय कळवू?" त्यांनी विचारलं.

"काय कळवायचं त्यात," आई म्हणाली, "ती व्हयच..."

"आई, थांब. आप्पांनी मला विचारलंय."

सूप थांबलं. आप्पांनी कासरा मांडीवर ठेवला. राजेश्वरीला ही शांतता ओळखीची वाटली. त्या शांततेत ती घाई न करता उभी राहिली.

"मला बार्शीचं स्थळ नको," ती म्हणाली. "मी परीक्षा देणार आणि लहान पोरांना शिकवणार. आणि लग्न करीन ते आमच्या वर्गातल्या महांतप्पाशी. त्यानं मला अजून मराठीत विचारलेलं न्हाय, पण माझं ठरलंय. आप्पा, तुम्हाला विचार करायला वेळ लागंल. लागू द्या. मी थांबते."